नाब्लुस

नाब्लुस : पॅलेस्टाईनच्या वेस्ट बँक भागातील उत्तरेकडचे सर्वांत मोठे शहर व त्याच नावाच्या प्रांताचे ठाणे. लोकसंख्या सुमारे १,५७,००० (२०१७). जेरूसलेमच्या उत्तरेस सुमारे ५० किमी. अंतरावर, उत्तरेला एबाल (९४० मी.) आणि दक्षिणेला गरीझीम (८८१ मी.) या दोन डोंगरांमधल्या अरुंद, पूर्वपश्चिम दरीत ते वसले आहे. जलविभाजक शहरातूनच जातो. एका अंगाचे पाणी भूमध्य समुद्राकडे, तर दुसऱ्या अंगाचे जॉर्डन नदीकडे उतरते. गरीझीमच्या पायथ्याचे झरे आणि दोन्ही दिशांना उघडणारी ही खिंड नीट ध्यानात घेतली, की शहराचा बराचसा इतिहास उलगडतो.

बायबलमधील शेखेम नगराचे अवशेष पूर्वेकडच्या तेल बलाता येथे आहेत. रोमन सम्राट व्हेस्पेशियनच्या काळात, इ. स. ७२ मध्ये, त्याच्या पश्चिमेस फ्लाव्हिया नेआपोलिस हे नवे नगर वसवले गेले. आजचे नाव त्यावरूनच आले. सातव्या शतकात ते अरबांकडे, १०९९ मध्ये क्रूसेडरांकडे, ११८७ मध्ये सलाहुद्दीनकडे आणि १५१७ च्या सुमारास ऑटोमन तुर्कांकडे गेले. गरीझीमला पवित्र मानणारा शोमरोनी (समॅरिटन) समाज हे सारे पाहत टिकून राहिला. संख्येने तो आज काही शेकड्यांचाच आहे. त्याची वल्हांडणाची बलिपूजा अजूनही याच डोंगरावर होते.

ऑटोमन अमलात डोंगराळ मुलूख ‘जबल नाब्लुस’ म्हणून ओळखला जाई. कागदावर तो दमास्कसच्या आधिपत्याखाली होता. प्रत्यक्षात सारावसुली तुकान, निम्र, अब्दुल हादी, जर्रार अशा स्थानिक घराण्यांच्या हाती असे. खेड्यांना शहराशी बांधून ठेवले ते ऑलिव्हच्या तेलाने. शहरातले व्यापारी शेतकऱ्यांना पीक येण्याआधीच उचल देत आणि तेल साबणाच्या कारखान्यात आणत. खारट झुडपांची राख जॉर्डनपलीकडून बदाउनी टोळ्या उंटांवरून पुरवीत. तेल व अल्कली मोठ्या कढईत अनेक दिवस शिजवून लगदा वरच्या मजल्यावरील फरशीवर ओततात, घट्ट झाल्यावर चौकोनी वड्या कापून त्यांवर शिक्का उमटवतात, आणि वारा खेळावा म्हणून वड्यांचे आतून पोकळ, उंच मनोरे रचतात. ही परंपरा युनेस्कोने २०२४ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. या मुलुखाचा आर्थिक इतिहास समजून घ्यायला राजवटींच्या सनावळीपेक्षा हा साबण अधिक उपयोगी पडतो.

१८८८ मध्ये नाब्लुसचा संजक (जिल्हा) नव्या बैरूत विलायतेस जोडण्यात आला. सप्टेंबर १९१८ मध्ये ब्रिटिश सेनापती ॲलनबीच्या फौजेने शहर घेतले. त्या फौजेत भारतीय शिपाई मोठ्या संख्येने होते. ब्रिटिश अमदानीत समॅरिया जिल्ह्यात जेनीन, तुल्कार्म व नाब्लुस हे तीन उपजिल्हे होते. १९२७ च्या भूकंपात जुन्या शहराची मोठी हानी झाली. १९३६ च्या अरब सार्वत्रिक संपासाठीची पहिली राष्ट्रीय समिती येथेच स्थापन झाली. १९४८ नंतर शहर जॉर्डनकडे आले. किनारपट्टीवरून विस्थापित झालेल्यांसाठी १९५० मध्ये उभारलेली बलाता छावणी आज वेस्ट बँकमधील सर्वाधिक लोकसंख्येची निर्वासित छावणी आहे. १९१८ मध्ये शाळा म्हणून सुरू झालेल्या अन-नजाह संस्थेचे १९७७ मध्ये विद्यापीठ झाले.

१९६७ पासून हा प्रदेश इस्राएलच्या ताब्यात आहे. १९९५ च्या दुसऱ्या ऑस्लो करारानंतर शहर ‘अ’ क्षेत्र म्हणून पॅलेस्टिनी प्राधिकरणाकडे आले. २००२ मध्ये इस्राएली फौजा पुन्हा आत शिरल्या, तेव्हा जुन्या शहराची फार नासधूस झाली. जुन्या समॅरिया जिल्ह्याच्या मुलुखात आज नाब्लुस, जेनीन, तुल्कार्म, कल्किल्या, सल्फीत व तुबास असे सहा प्रांत आहेत. मात्र खरी चिरफाड प्रांतांच्या हद्दींनी केलेली नाही; ती ऑस्लो करारातील ‘अ’, ‘ब’ आणि ‘क’ क्षेत्रांच्या विभागणीने केली. ‘क’ क्षेत्र पूर्णपणे इस्राएली नियंत्रणाखाली असून इतामार, यित्झहार, ब्राखा, एलोन मोरे या वसाहती शहराभोवतीच्या टेकड्यांवर आहेत. त्यांना लागून असलेल्या अनेक बागांमध्ये ऑलिव्ह तोडायला जाण्यासाठी खेड्यांतील मालकांना आधी इस्राएली लष्कराची संमती मिळवावी लागते.