थाबा-त्सेकाची गुरं

नकाशात दक्षिण आफ्रिकेच्या पोटात एक छोटा डोंगराळ देश दिसतो, लेसोथो. १९७५ साली जागतिक बँक आणि कॅनडा यांच्या पैशातून तिथल्या थाबा-त्सेका भागात विकास प्रकल्प सुरू झाला. शेती सुधारायची, कुरणं राखायची, गुरं बाजारात आणायची. गृहीत असं, की इथले शेतकरी जुन्या वळणाचे आहेत. रस्ता झाला की पैशाच्या व्यवहारात उतरतील.

ते तर कधीचेच उतरलेले होते! पिढ्यान्‌पिढ्या तिथले पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत मजुरीला जात. ग्रामीण घराच्या उत्पन्नात या मजुरीचा वाटा ७० टक्क्यांच्या आसपास, पिकांचा जेमतेम ६. चाकरमान्याच्या मनीऑर्डरवर चालणारं कोकणातलं घर ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग गुरं का विकत नव्हते? जेम्स फर्ग्युसन या मानववंशशास्त्रज्ञाने १९९० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात याचा उलगडा केला. रोख रकमेवर बायकोचा, घरादाराचा हक्क चालतो. त्याच पैशाची गुरं घेतली, की मोठी अडचण आल्याशिवाय ती विकायची नाहीत, असा रिवाज. खाणीतून थकून परतणाऱ्याचं ते पेन्शनच. पाहुणे तज्ज्ञ त्यालाच सांगत होते, पेन्शन आजच मोडून टाक. निवडक गुरांसाठी राखीव कुरणाला कुंपण घातलं, तर लोकांनी ते तोडलं. मला यात अडाणीपणा दिसत नाही, हिशेब दिसतो.

राजकारणाकडेही असाच काणाडोळा झाला. १९७० च्या निवडणुकीत पराभव दिसताच पंतप्रधान लेआबुआ जोनाथन यांनी ती रद्द करून सत्ता हातात ठेवली होती. अशा सरकारची खाती जिल्ह्याला अधिकार देतील, ही प्रकल्पाची अपेक्षा! ते घडलं नाही. १९८४ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. रस्ता आणि सरकारी कचेऱ्या मात्र राहिल्या.

२००० नंतर ब्रिटनच्या मदत खात्याने 'ड्रायव्हर्स ऑफ चेंज' या नावाने असे अभ्यास करून घ्यायला सुरुवात केली : पैसा कुठून येतो, सत्ता कुणाची, बदल कुणाला नकोय. प्रश्न योग्यच होते. पण मदत खात्यातल्या अधिकाऱ्याला मंजूर निधी वर्षअखेर खर्ची टाकायचा असतो, आणि 'इथे हे चालणार नाही' असं सांगणारा अहवाल त्याला कसा परवडावा?