वादळोत्तर राउटर-बिघाड (तारजोडणी), धाराशिव जिल्हा

वादळ, वीज किंवा वीजपुरवठ्यातील चढउतारानंतर घरगुती राउटरची तारेने होणारी जोडणी अंशतः वा पूर्ण बंद पडणे. वायफाय चालू असते, पण लॅन पोर्टला लावलेला संगणक, टीव्ही किंवा सीसीटीव्हीचा डीव्हीआर बंद असतो, हे याचे नेहमीचे रूप. धाराशिव (२०२३ पर्यंत उस्मानाबाद) जिल्ह्यात वळवाचे दिवस आणि परतीचा पाऊस हे याचे दोन हंगाम.

भूगोल व हवामान

धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी या आठ तालुक्यांच्या जिल्ह्याचा मोठा भाग बालाघाटच्या पठारावर आहे. खाली बेसाल्टचा कातळ, वर मुरूम, तेरणा-मांजराच्या खोऱ्यांत खोल काळी माती. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर ढग दाटतात आणि वाऱ्या-विजांसह वळीव कोसळतो. कधी हे संकट त्याआधीही येते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्याने मोठी गारपीट सोसली. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत भूम व परंडा तालुक्यांत पूर आला. पुराच्या पाण्यात भिजलेल्या राउटरची तपासणी विजेच्या बिघाडाहून वेगळी असते : तो पूर्ण सुकेपर्यंत अडॅप्टर लावू नये.

वळवाचा काळ आणि जमिनीच्या कोरडेपणाचा काळ एकच असतो, ही या भागातील कळीची गोष्ट. भर उन्हाळ्यात काळी माती भेगाळते व अर्थिंगच्या पाइपापासून सुटते. मुरमाड जागी सळई कातळावर अडते. विजेचा दाब जमिनीत उतरवण्याची गरज सर्वांत जास्त असते, तेव्हाच जमीन तो स्वीकारायला सर्वांत नाखूश असते.

इतिहास

तांब्याच्या टेलिफोन तारेवरून ब्रॉडबँड येत असे, त्या काळात (बीएसएनएलची डेटावन सेवा २००५ मध्ये सुरू झाली) वीज फोनच्या तारेतून थेट मोडेमपर्यंत पोहोचे. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची राष्ट्रीय योजना २०११ मध्ये मंजूर झाली. पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, त्यामुळे तो मार्ग बंद झाला. बाकीचे मार्ग उघडेच राहिले.

बिघाडाचे मार्ग

घरावर थेट वीज पडून राउटर जळण्याचे प्रसंग कमी. बहुतेक नुकसान लांबून येते.

वीजपुरवठा : वाऱ्याने डीपीजवळची न्यूट्रल तुटली, की सिंगल-फेज घरांत २३० व्होल्टऐवजी ३५०-४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. पंखा एकाएकी जोरात फिरतो, बल्ब पांढरेशुभ्र पेटून जातात आणि त्याच वेळी राउटरचा अडॅप्टर जळतो.

उघड्यावरची लॅन केबल : घरातून गोठ्यापर्यंत, गच्चीवरच्या कॅमेऱ्यापर्यंत किंवा रस्त्यापलीकडच्या दुकानापर्यंत हवेतून नेलेली तार हे सर्वांत मोठे कारण. तार जितकी लांब, तितका तिच्यात उपजणारा दाब मोठा. शिवाय दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये वीज पडताना फरक पडतो आणि तो फरक ही तारच वाहून नेते.

प्रकाशतंतूचा आधार : खांबावरून घरात येणाऱ्या फायबर केबलला पुष्कळदा पोलादी आधारतार असते. ती भिंतीबाहेरच कापून थांबवावी. तिला ओएनटीच्या (घरात प्रकाशतंतू जिथे संपतो, त्या उपकरणाच्या) पेटीपर्यंत नेऊ नये.

पोर्ट कसा जातो

इथरनेटच्या प्रत्येक पोर्टमागे दोन बाजू विजेच्या दृष्टीने वेगळ्या ठेवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. आयईईई ८०२.३ या प्रमाणानुसार हे विलगीकरण १,५०० व्होल्ट एसी एक मिनिटभर सोसणारे हवे. जवळ पडलेल्या विजेने लांब तारेत याच्या कित्येक पट दाब क्षणभर येऊ शकतो. तो मायक्रोसेकंदांतच ओसरतो, पण तेवढ्यात मागची चिप जाते. वायफायचा भाग वेगळा असल्याने तो चालू राहतो. काही वेळा एकच पोर्ट जातो आणि शेजारचे शाबूत असतात.

अर्धवट बिघाड ओळखायला अवघड. तारेत चार जोड्या असतात. १०० मेगाबिट वेगाला दोन पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी तुटली, तर पुष्कळ राउटर आपोआप १०० वर उतरतात. दोनशे-तीनशे मेगाबिटची योजना असताना तारेवर वेग कायम ९४-९५ वर अडत असेल, तर संशय या जोड्यांवर घ्यावा. तार सुदृढ असून वेग अडत असेल, तर दोष पोर्टमध्ये.

तपासणीचा क्रम

१. पाऊस व गडगडाट पूर्ण थांबल्यावरच हात लावावा. तुटलेली वीजतार दिसल्यास दूर राहून महावितरणला (१९१२) कळवावे.

२. ओएनटीचे दिवे पाहावेत. एलओएस लाल असेल, तर प्रकाशतंतू तुटला आहे किंवा वाकला आहे. ते काम सेवा देणाऱ्याचे. पीओएन स्थिर हिरवा असेल, तर बाहेरची लाइन ठीक समजावी.

३. दिवेच नसतील, तर आधी अडॅप्टर. व्होल्ट व अँपिअर लेबलाप्रमाणे जुळणारा दुसरा लावून पाहावा. दिवे लुकलुकत राहणे किंवा राउटर वरचेवर बंद होऊन सुरू होणे हेही दमलेल्या अडॅप्टरचे लक्षण.

४. सर्व लॅन तारा काढून एकच लॅपटॉप आखूड, चांगल्या तारेने एकेका पोर्टला लावावा. दिवा लागला नाही, तर पोर्ट गेला. लागला, तर दोष लांब तारेत.

५. संगणकाला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळाला असेल, तर त्याला राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. राउटरचा पत्ता (सहसा १९२.१६८.१.१, नक्की पत्ता पेटीखालच्या स्टिकरवर) पिंग करून पाहावा.

६. लांब तारेची दोन्ही टोके निरखावीत. प्लगमधील आठ सोनेरी पट्ट्यांवर हिरवट थर चढला असेल किंवा प्लग ओलसर असेल, तर पाणी तारेच्या आतून वाहत आले आहे. टोक कापून नवा प्लग ठोकावा. रंगांचा प्रचलित क्रम : पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

७. केबल टेस्टरचे आठही दिवे क्रमाने लागले, तरी तार निर्दोष ठरत नाही. टेस्टर फक्त सलगता दाखवतो. स्वस्त, तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारा पावसाळ्यानंतर सलग राहूनही चुका करतात.

राउटरवर निष्कर्ष निघाल्यावरही डीव्हीआर, टीव्ही व संगणकाचे पोर्ट तपासावेत. दाब तारेच्या दोन्ही टोकांना जातो.

अर्थिंग

राउटरच्या अडॅप्टरला दोनच पिना असतात, म्हणून राउटरचा अर्थिंगशी संबंध नाही, असा समज रूढ आहे. तो अपुरा आहे. राउटरला तारेने जोडलेल्या संगणकाला किंवा डीव्हीआरला अर्थिंग असते, आणि विजेचा दाब त्या वाटेने जमीन शोधत राउटरमधूनच जातो. स्पाइक गार्डमधील संरक्षक घटकही जादा दाबाचा काही भाग अर्थच्या तारेकडे वळवतो. सॉकेटचे तिसरे भोक रिकामे असेल, तर ती वाट उरत नाही. हा घटक प्रत्येक आघाताने झिजतो, म्हणून जुन्या स्पाइक गार्डवर विसंबू नये.

अर्थिंगची रीत भारतीय प्रमाण आयएस ३०४३ मध्ये दिली आहे. वीजनिवारणासाठी अर्थचा रोध शक्यतो १० ओहमच्या आत असावा, अशी शिफारस आहे. फेज आणि अर्थ यांमध्ये बल्ब लावून तो पेटला की अर्थिंग उत्तम, ही परीक्षा पुरेशी नाही : बल्ब पेटायला लागणारा प्रवाह नगण्य असतो. परवानाधारक वायरमनकडून अर्थ टेस्टरने मोजमाप करून घ्यावे. मीठ-कोळशाचा खड्डा की तयार रासायनिक इलेक्ट्रोड, याबद्दल कारागिरांत एकमत नाही. ओलावा टिकवणे मात्र दोन्हींत अगत्याचे. कातळ लागत असल्यास पट्टी आडवी पुरणे किंवा एकाहून अधिक खड्डे जोडणे हा उपाय.

प्रतिबंध

पाडव्याच्या सुमारास अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालून जोड घट्ट करून घ्यावा आणि वळीव सरेपर्यंत अधूनमधून पाणी घालत राहावे. दोन इमारतींमध्ये तांब्याऐवजी फायबर व दोन मीडिया कन्व्हर्टर वापरावेत. थोड्या खर्चात सर्वांत घातक मार्ग बंद होतो. गच्चीवरची तार भिंतीत शिरण्याआधी खाली झोका देऊन मग वर घ्यावी, म्हणजे पाणी झोक्यावरून गळून पडते. ढग दाटताच अडॅप्टर व लॅन तारा काढाव्यात. फायबरचे टोक काढू नये, त्यावर धूळ बसते. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप परिसरातील विजांचा इशारा देते.

हमी

विजेने झालेले नुकसान बहुतेक राउटरच्या हमीत बसत नाही. अर्थिंग न सुधारता नवा राउटर बसवल्यास पुढच्या वळवात तोही त्याच मार्गाने जाण्याचा धोका राहतो.