तीनशे त्रेपन्न

२५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ इंधनभेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अतिरिक्त जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. सरकारी माणसाला कायद्याचे संरक्षण तरी किती, हे शोधायला मी तेव्हापासून लागलो.

संरक्षण जुनेच आहे. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये मसुदा केला, १८६० मध्ये दंड संहिता मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. कर्तव्यावरील लोकसेवकावर हल्ला केल्यास कलम ३५३, धमकी दिल्यास १८९. दोन्हींना कमाल दोन वर्षे कैद. परक्या राज्याने आपल्या वसुलीच्या माणसांसाठी केलेली ही तजवीज, असे माझे मत.

महाराष्ट्राने २०१८ मध्ये ३५३ ची कैद पाच वर्षांवर नेली आणि खटला सत्र न्यायालयाकडे सोपवला. पुढे ऑगस्ट २०२१ मध्ये ठाण्यात फेरीवाल्यांवर कारवाई करणाऱ्या सहायक आयुक्त कल्पिता पिंपळे यांची बोटे कोयत्याने तोडली गेली. शिक्षा वाढली म्हणून कोयता बोथट झाला नव्हता.

आता धमकी मोबाइलवरून येते. इथे वर्सोव्यात पालिकेचे पथक यायच्या आत त्याचे चित्रण फिरू लागते, खाली शिव्या. पण शिवी म्हणजे हल्ला नव्हे. बेंगळुरू वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर तक्रार लिहिणाऱ्या दांपत्यावर ३५३ लावले गेले, ते सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१५ मध्ये रद्द केले. दोनच महिन्यांनी, २४ मार्चला, माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ सुद्धा घटनाबाह्य ठरले. हे दोन्ही निर्णय मला योग्यच वाटतात. टीका सोसणे हा पगाराचाच भाग आहे. घराचा पत्ता टाकून ‘बघून घेतो’ म्हणणे मात्र टीका नव्हे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. हल्ल्याचे कलम १३२ झाले, धमकीचे २२४. महाराष्ट्राची दुरुस्ती जुन्या संहितेला होती. नव्या १३२ मध्ये कैद पुन्हा दोनच वर्षे. २२४ लागते तेही अधिकाऱ्याकडून काही करवून घेण्यासाठी किंवा रोखण्यासाठी इजेची धमकी दिली तरच. निव्वळ छळासाठी निनावी धमक्या धाडणाऱ्यासाठी ३५१ शोधावे लागते, महिला अधिकाऱ्याचा पाठलाग चालला असेल तर ७८.

लोकांच्या तोंडी अजून ३५३ च आहे. नव्या संहितेत हा क्रमांक अफवा आणि खोटी माहिती पसरवण्याला दिला आहे, इलेक्ट्रॉनिक माध्यमांसकट.