आधी शिक्षक, मग पुढारी

समाजशिक्षणाचे, तरुणांमधले काम करायचे तर काय शिकावे, असे नांदेड-लातूरकडची मुले मला विचारतात. मी त्यांच्या विद्यापीठाच्या नावाकडे बोट दाखवतो. स्वामी रामानंद तीर्थ आधी शिक्षक होते. कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम करून ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले. १९३५ साली अंबाजोगाईला गेले. निजामी राजवटीत साध्या सभेलाही परवानगी लागे. म्हणून शाळेतच कार्यकर्ते घडले आणि पुढे मुक्तिसंग्रामात उतरले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. १९९४ साली त्याच तारखेला नांदेडचे विद्यापीठ स्थापन झाले. पदवी जरूर घ्यावी. पण गावात राहिल्याखेरीज गाव कळत नाही, हा धडा स्वामीजींच्या चरित्रातच आहे.