धाब्यापासून स्लॅबपर्यंत : घर थंड ठेवण्याच्या कायद्याची गोष्ट

वढू बुद्रुक म्हटले की छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आणि १६८९ हे वर्ष आठवते. या धाग्याचा विषय मात्र त्याच गावातल्या घरांच्या डोक्यावरचे छत हा आहे.

शिरूरसारख्या कमी पावसाच्या मुलखात जुने घर म्हणजे जाड भिंती आणि वर पांढऱ्या मातीचे धाबे. दिवसभराचे ऊन त्या मातीच्या थरातच अडकून राही. माजघरापर्यंत ते पोहोचायला संध्याकाळ होई. हा नियम कुणी लिहिला नव्हता, गवंड्याच्या हातातच तो होता.

लिहिलेला नियम आला तो प्लेगमुळे. १८९६ मध्ये मुंबईत साथ पसरली आणि १८९८ मध्ये मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांचा प्रकाशनियम पुढे आणला. समोरच्या मोकळ्या जागेच्या रुंदीच्या दुपटीहून इमारत उंच नको, हे त्याचे साधे गणित. हेतू आरोग्याचा होता. पण हवा आणि उजेड यांसाठी मालकाच्या बांधकामावर मर्यादा घालता येते, हे तत्त्व इथे रुजले.

पुढचा धक्का तेलाचा. १९७३ च्या तेलसंकटानंतर पाश्चात्त्य देशांनी इमारतींच्या ऊर्जावापराची मानके लिहिली. कॅलिफोर्नियाची १९७८ ची नियमावली त्यांतली प्रसिद्ध. भारतात ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला आणि ऊर्जा संवर्धन इमारत संहिता मे २००७ मध्ये जाहीर झाली. महाराष्ट्रात तो भारनियमनाचा काळ होता, त्यामुळे वाचवलेल्या युनिटचे मोल कुणाला समजावून सांगावे लागत नव्हते.

तरीही संहिता कागदावर रेंगाळली. कारण राज्यघटनेत आहे. वीज समवर्ती सूचीत, पण जमीन आणि स्थानिक स्वराज्य संस्था राज्यसूचीत. केंद्राने संहिता लिहायची, राज्याने स्थानिक हवामानानुसार ती बदलून अधिसूचित करायची आणि बांधकाम परवाना देणाऱ्या कार्यालयाने ती तपासायची. या तीन पायऱ्यांपैकी एक जरी निखळली तरी संहिता म्हणजे नुसता सल्ला. राजस्थान आणि ओडिशा यांनी २०११ मध्ये, आंध्र प्रदेशाने २०१४ मध्ये पाऊल उचलले. उद्योगात पुढे असलेला महाराष्ट्र या बाबतीत मागे राहिला, हे मान्य करावेच लागेल.

महाराष्ट्राने सक्तीपेक्षा सवलतीची वाट धरली. पुणे महापालिकेने सौरबंब, पर्जन्यजल संधारण, गांडूळखत यांसाठी मिळकतकरात ५ ते १० टक्के सूट दिली. डिसेंबर २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत हरित इमारतींना मानांकनानुसार ३, ५ किंवा ७ टक्के वाढीव चटई क्षेत्र मिळाले. मुंबई व काही अपवाद वगळता ही नियमावली राज्यभर लागू असल्याने पुणे जिल्ह्यातील गावेही तिच्या कक्षेत आली. पण वाढीव चटई क्षेत्राचे आमिष बिल्डरला. गावठाणात दोन खोल्या बांधणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

निवासी इमारतींसाठी केंद्राने डिसेंबर २०१८ मध्ये ‘इको-निवास संहिता’ आणली. छतातून उष्णता आत येण्याच्या वेगाला तिने १.२ वॅट प्रति चौरस मीटर प्रति केल्विन ही कमाल मर्यादा घातली. उघड्या काँक्रीट स्लॅबचा हा आकडा तीनच्या वर जातो. म्हणजे मातीचे धाबे उतरवून स्लॅब टाकणाऱ्याने गळतीपासून सुटका मिळवली आणि ऊन घरात घेतले. ही संहिता मात्र ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडांसाठी.

२०२२ च्या दुरुस्तीने निवासी इमारतीही मूळ कायद्यात आल्या, पण १०० किलोवॉट जोडभार किंवा १२० केव्हीए मागणी असलेल्याच. ही रेषा खाली आणण्याची मुभा राज्यांना आहे. गावातल्या घराचा भार असतो दोन-तीन किलोवॉट.

पुणे–अहिल्यानगर रस्त्यालगत कोरेगाव भीमा, सणसवाडी भागात कारखाने आले, तशा भाड्याच्या खोल्या वाढल्या. त्यांवर पत्रे किंवा उघडे स्लॅब. वैशाखात संध्याकाळी गच्चीवर बादलीभर पाणी ओतले की स्लॅबमधून वाफ निघते, आणि अंथरुणे मग बाहेरच पडतात.