तिकीट नसलेली बाग : नगरच्या फराहबागेत जाण्यापूर्वी

मागच्या एप्रिलमध्ये मामीला घेऊन फराहबागेत गेले होते. रिक्षातून उतरून तिनं चौफेर पाहिलं. कोरडी जमीन, खुरटं गवत, मध्ये एक मोठी अष्टकोनी इमारत. म्हणाली, ‘‘अगं, पण बाग कुठंय?’’

तुम्ही गेलात तर तुम्हालाही हाच प्रश्न पडेल, म्हणून उत्तर आधीच देते. बाग तुमच्या पायाखाली आहे, कारण तुम्ही उभे असता तळ्याच्या तळाशी. ही इमारत पाण्याच्या मधोमध होती.

नगरचं आणि बागेचं नातं तसं शहराहूनही जुनं. 28 मे 1490 रोजी मलिक अहमदनं बहमनी फौजेचा पराभव केला. ती लढाई इतिहासात ‘बागेची लढाई’ म्हणूनच नोंदली गेली. जिथं जिंकला तिथं त्यानं बाग केली, मग आसपास शहर वाढलं. पुढं मुर्तजा निजामशहाच्या काळात, 1583 मध्ये, फराहबाग पुरी झाली. फराह म्हणजे आनंद. अर्थात तो आनंद राजाचा, तुमच्या-माझ्यासारख्यांना आत कोण सोडणार?

आता माझ्या विषयाकडे येते. मी मूळची भौतिकशास्त्राची, त्यामुळं मला पहिला प्रश्न पडतो तो पाण्याचा. नगर पर्जन्यछायेत, वर्षाला पाऊस साधारण 550 ते 600 मिलिमीटर. अशा ठिकाणी तळ्यात महाल बांधायची हौस कशी परवडली? तर शहराबाहेरच्या उंच भागातलं पाणी झाकलेल्या नळांतून, खापरी पाइपांतून, नुसत्या उतारावर शहरात आणलं जायचं. कापूरवाडीकडचा नळ त्यातलाच. ना मोटार, ना पंप. उतार थोडा चुकला की पाणी अडलंच.

आणि ते पाणी नुसतं शोभेचं नव्हतं. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण 2,400 किलोज्यूल उष्णता शोषली जाते. तेवढ्यात सुमारे 200 घनमीटर हवा 10 अंशांनी थंड होऊ शकते. हे झालं कागदावरचं गणित. प्रत्यक्षात हवेत आधीच किती दमटपणा आहे त्यावर सगळं ठरतं. मुंबईत ही युक्ती फारशी चालणार नाही. नगरच्या कोरड्या उन्हाळ्यात मात्र चालते. घरातला माठ का गार होतो, तेच हे. तळ्यावरून वारा येणार, उंच कमानींतून आत शिरणार. म्हणजे फराहबाग हा एक भलामोठा माठच समजा.

आता कामाच्या गोष्टी. तिकीट नाही. भाग लष्करी हद्दीला लागून आहे, ओळखपत्र जवळ असू द्या आणि फोटो काढण्याआधी फलक वाचा. सकाळी लवकर जा. पिण्याचं पाणी घरूनच न्या, तळ्याच्या भरवशावर राहू नका! आधी आत शिरू नका. तळ्याच्या काठानं एक फेरी मारा, पाणी कुठवर असेल याचा अंदाज घ्या, मगच आत जा आणि मधल्या घुमटाखाली पाच मिनिटं गप्प बसा. वेळ असेल तर बागरौझाही करा. तिथं अहमद निजामशहाची काळ्या दगडातली कबर आहे. ‘रौझा’ या शब्दाचा मूळ अर्थही बागच.

आणि एक विनंती. भिंतीवर नावं कोरू नका, हे सगळेच सांगतात. मी त्यात एक भर घालते. नगर परिसरात घराचा पाया किंवा शोषखड्डा खणताना जुना खापरी नळ लागला, तर फोडून टाकण्याआधी निदान एक फोटो काढा, जागा आणि दिशा लिहून ठेवा. महाल संरक्षित आहे, पण त्याला जगवणारे नळ कुणाच्या अंगणाखालून, कुणाच्या शेतातून जातात. आज शहराला पाणी मुळा धरणातून येतं, म्हणून या नळांची आठवण कुणाला राहिलेली नाही. एकेक तुकडा गेला की पाणी आलं कसं, हे सांगणारा पुरावाही जातो.

परत निघताना मामी घुमटाखाली पदरानं घाम पुसत बसली होती. म्हणाली, ‘‘इथं गार वाटतंय गं.’’

पाणी नाही, तरी एवढं. तळं भरलेलं असताना काय असेल?