चाकरमानी आणि त्याचे घर

कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली आणि पुढे परळ, लालबाग, वरळी या भागांत ज्या गिरण्या उभ्या राहिल्या, त्यांना माणूसबळ पुरविण्यात रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा फार मोठा होता, हे सर्वश्रुत आहे. परंतु कोकणचा हा चाकरमानी मुंबईस का आला यापेक्षा तो वारंवार गावी का परतला आणि पुन्हा का निघाला, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो.

भाताची खाचरे लहान, भाऊबंद पुष्कळ आणि पिकाचा मोठा हिस्सा खोताच्या घरी जाणारा. अशा स्थितीत कोणत्या भावाने मुंबई गाठावी आणि कोणी नांगर धरावा, याचा निवाडा घरची वडीलधारी मंडळी करीत. तेथे आधी गेलेला मामा किंवा चुलता मुकादमाकडे शब्द टाकी, गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत वळकटीपुरती जागा मिळे, खाणावळीत दोन वेळची सोय होई. आणि बायको मागे राहून लावणी-कापणी, गुरे व सासूसासरे सांभाळी. तिने जमीन कसती ठेवली म्हणूनच परगावी राहणाऱ्या तिच्या नवऱ्याचा हिस्सा शाबूत राहिला, हे आपल्या इतिहासकारांनी पुरेशा आदराने सांगितलेले नाही.

१८९६ च्या प्लेगात मुंबई ओस पडू लागली तेव्हा, आणि १९२८ चा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला तेव्हाही, कामगाराला आसरा दिला तो याच घराने. गणपती-शिमग्याची रजा संपताच सारा, औषधपाणी आणि बहिणीचे लग्न यांची तजवीज करण्यासाठी त्याला परत धाडले तेही याच घराने. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर मात्र अनेकांना परतण्यासाठी गिरणीच उरली नाही. ज्यांचे वडील गावी एकटे होते ते कायमचे माघारी गेले. ज्यांची मुले मुंबईच्या शाळांत शिकत होती ते मिळेल ते काम पत्करून चाळीतच राहिले. दोघांनीही निर्णय घेतला तो आप्तांकडे पाहूनच.

पुरुष परगावी आणि बायका गावी या रीतीची खूण पुढेही दिसत राहिली: रत्नागिरी जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेतही दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. मागे राहिलेल्या या बायकांचा आणि त्यांच्या घरांचा इतिहास लिहिला जावा म्हणून ज्यांच्या घरी आजी-पणजीने जपलेली पत्रे, मनिऑर्डरीच्या पावत्या किंवा सामाईक खोलीच्या हिशेबाच्या वह्या असतील, त्यांनी त्या रद्दीत न घालता एखाद्या ग्रंथालयाच्या स्वाधीन कराव्यात, ही माझी कळकळीची विनंती आहे.